आई नसलेल्या घराची कादंबरी कशी लिहावी

आई गमावलेल्या मुलांवरच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं मी बरीच वर्षं वाचते आहे. त्यातल्या पुष्कळांची सुरुवात एकसारखी असते. मूल खिडकीत बसलेलं, बाहेर पाऊस, भिंतीवर आईचा फोटो, आणि मनातल्या मनात विचारलेला प्रश्न: 'आई, तू का गेलीस?' मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली, आणि तरीही माझ्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशीच होती.

मला खरं आठवत होतं ते वेगळंच. आई गेल्यावर महिन्याभराने वर्गात बाईंनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "नखं कधी कापलीस?" मला उत्तर देता येईना. नखं कापावी लागतात हे मला माहीतच नव्हतं. ती आपोआप लहान राहतात, अशीच माझी समजूत होती. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा रडले. आई गेली त्या दिवशी रडले नव्हते.

खर्डा फाडला तेव्हा हे पान मी सगळ्यात आधी लिहिलं, आणि पुढची कादंबरी त्याच पानातून निघाली. मुलाच्या लेखी आई म्हणजे आधी कामांची न तुटणारी रांग असते. ती जिथे जिथे तुटते, तिथे तिथे मुलाला ठेच लागते. आईचं नसणं लिहायचं असेल, तर त्या ठेचा लिहाव्या लागतात. खाली जे सांगते आहे ते सगळं यातूनच आलेलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक घर धरून चालू: तेरा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा मधला, चार वर्षांची धाकटी, आणि बाबा.

पायरी १: नसणं कोणत्या जातीचं आहे ते ठरवा

आई वारली आहे, घर सोडून गेली आहे, दूरदेशी कामाला आहे, तुरुंगात आहे, बेपत्ता आहे, की बंद दाराच्या खोलीत आजारी पडून आहे? कादंबरीचं इंजिन यावर ठरतं, त्यामुळे हा निर्णय 'लिहिता लिहिता घेऊ' म्हणून पुढे ढकलू नका.

आई वारलेल्या मुलाच्या मनात साधारण तीन प्रश्न घोळतात. माझ्यामुळे झालं का? आता बाबाही जातील का? आणि माझं कोण करणार? तिसरा प्रश्न मोठ्यांना स्वार्थी वाटतो, म्हणून लेखक तो गाळतात. गाळू नका. मुलाची खरी भीती त्यातच आहे.

आई जिवंत आहे पण इथे नाही, अशा घराचं दुःख निराळं. पॉलीन बॉस या अमेरिकन कुटुंब-अभ्यासक बाईंनी अशा अधांतरी नुकसानाचा विचार १९७० च्या दशकात मांडला आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिने याचे दोन प्रकार सांगितले. एकात माणूस शरीराने नसतं, पण घरच्यांच्या मनात सतत असतं. बेपत्ता किंवा सोडून गेलेली आई अशी. दुसऱ्यात माणूस समोर असतं, पण मनाने कुठेतरी निघून गेलेलं असतं; दीर्घ मानसिक आजारातली आई अशी. दोन्हीत मुलाला रडायचीही सोय नसते. रडलं म्हणजे आई परत येणार नाही हे मान्य केल्यासारखं होतं. न रडावं, तर पोटात गोळा तसाच राहतो.

लिहिणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की मृत्यूनंतरची कादंबरी 'यापुढे कसं' या प्रश्नावर चालते आणि सोडून गेलेल्या आईची कादंबरी वाट पाहण्यावर. दुसऱ्या प्रकारात फोन वाजला, बेल वाजली, जिन्यावर पावलं ऐकू आली की प्रसंगाला ताण येतो. पहिल्या प्रकारात तोच फोन हा नुसता फोन असतो.

आता एका कागदावर तीन ओळी लिहा: खरं काय घडलं, मुलांना काय सांगितलं गेलं, आणि प्रत्येक मुलाने त्यातून काय समजून घेतलं. या तीन ओळी सहसा जुळत नाहीत, आणि न जुळण्यातच कथानक असतं. 'आई झोपली आहे' असं चार वर्षांच्या मुलीला सांगितलं, तर ती बाबांना झोपू देणार नाही. रात्री तीनदा उठून त्यांच्या पापण्या उघडून पाहील. मोठ्यांनी मायेपोटी केलेली अशी एक सारवासारव अर्ध्या कादंबरीला पुरते. ती उघडी पडते, तो प्रसंग मध्यावर ठेवा.

पायरी २: आईच्या कामांची यादी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझं मत विचाराल तर निम्मी तयारी ही एवढीच आहे.

कोरा कागद घ्या आणि ही आई घरात काय काय करायची त्याच्या किमान चाळीस नोंदी करा. पहिल्या दहा-बारा पटकन सुचतील: स्वयंपाक, कपडे, डबा, अभ्यास. त्या सगळ्यांना सुचतात, त्यामुळे कादंबरीत त्यांचा फारसा उपयोग नाही. पंधराव्या नोंदीनंतर हात अडखळायला लागतो आणि तिथून खरं काही हाती लागतं. बुटाची नाडी दुहेरी गाठीने बांधणं. तापात कपाळाला हाताचा तळवा लावण्याऐवजी मागची बाजू लावणं. हरवलेली वस्तू कुठे आहे ते जागचं न उठता सांगणं. कमी गुणांचा पेपर बाबांच्या आधी पाहणं. केसांतला गुंता खालून वर सोडवणं.

मग न दिसणारी कामं. भांडणात कुणाचं खरं ते ठरवणं. बाबांचा आवाज चढला की दोघांच्या मधे येऊन उभं राहणं. मूल खोटं बोलतंय हे ओळखणं; आणि ओळखूनही कधीकधी गप्प बसणं. मधल्याला एका लाडक्या नावाने हाक मारणं. ते नाव फक्त तीच घ्यायची. आता ते नाव घेणारं कुणीच उरलं नाही, आणि त्याला हे एके दिवशी अचानक लक्षात येतं.

प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने आखा: 'आता हे कोण करतं' आणि 'कुठे चुकतं'. काही कामं थोरलीकडे जातील, काही बाबांकडे, काही शेजारच्या बाईंकडे. काही कुणाकडेच जाणार नाहीत. पहिला रकाना रिकामा राहिला त्या नोंदींवर खूण करा. तुमचे पहिले पाच-सहा प्रसंग तिथे आहेत.

फरक दिसावा म्हणून एक नमुना देते. आधी जसं लिहिलं जातं तसं:

'आईशिवाय घर सुनं सुनं वाटत होतं. कोपऱ्याकोपऱ्यात तिच्या आठवणी होत्या. मधल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.'

आता यादीतलं एक काम धरून:

'सहलीच्या कागदावर पालकांच्या सहीसाठी एक रिकामी ओळ होती. मधल्याने कागद फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावला. तिथे लावला की सकाळी सही झालेली असायची. तीन दिवस तो उठल्या उठल्या फ्रिजपाशी गेला. चौथ्या दिवशी वर्ग सहलीला गेला आणि तो वाचनालयात बसून डायनोसॉरचं पुस्तक पाहत राहिला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज काय केलं?" तो म्हणाला, "डायनोसॉर."'

दुसऱ्या परिच्छेदात आई हा शब्द नाही. कुणी वाईट वागलेलं नाही. बाबांना फ्रिजवरची व्यवस्था माहीतच नव्हती आणि मधल्याला ती समजावून सांगण्याची वेळ कधी आली नव्हती. वाचकाला मात्र सगळं कळतं. मूल रडत नाही म्हणून ते काम वाचकावर येतं.

पायरी ३: प्रत्येक मुलाचं वय मनाशी पक्कं करा

तीन मुलांची एक आई गेली, तर घरात तीन वेगळ्या आया गेलेल्या असतात.

मृत्यूची समज वयाबरोबर बदलते. हंगेरीतल्या मारिया नॉज हिने बुडापेस्ट परिसरातल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ मध्ये इंग्रजीत आला. तिला दिसलं की पाचाच्या आतली मुलं मृत्यूला प्रवासासारखं किंवा झोपेसारखं, परत फिरता येण्याजोगं मानतात. पुढच्या वयात तिला बरीच मुलं मृत्यूला एखाद्या व्यक्तीचं रूप देताना आढळली. नंतरच्या अभ्यासकांना हे तितकं सर्रास दिसलं नाही. बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळायला लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काम करत नाही आणि हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. घरात मृत्यू झाला असेल तर ही समज आधीही येऊ शकते.

आपल्या धाकटीवर हे लावून पाहा. "आई मेली" हे वाक्य ती पाहुण्यांसमोर खणखणीत म्हणेल आणि पुढच्याच श्वासात विचारेल, "माझ्या वाढदिवसाला येणार ना?" मोठी माणसं दचकतील. तिच्या लेखी या दोन वाक्यांत काहीच विसंगती नाही. तिला तिसऱ्यांदा, दहाव्यांदा तोच प्रश्न विचारू द्या. उत्तर देणारा दर वेळी थोडा अधिक थकलेला दाखवा. प्रसंग त्याचा होतो.

मधल्याच्या वयाला कार्यकारण कळतं, पण स्वतःला त्यातून वगळता येत नाही. आदल्या दिवशी तो आईला 'जा तू' म्हणाला होता. हे तो कुणालाच सांगणार नाही. तो नियम पाळायला लागेल: फरशीच्या फटीवर पाय द्यायचा नाही, दिवा तीनदा लावायचा आणि बंद करायचा. घरच्यांना ती नवी खोड वाटेल. कादंबरीत याचं स्पष्टीकरण देऊ नका. दोनशे पानांनी जेव्हा तो 'जा तू' ही गोष्ट कुणालातरी सांगेल, तेव्हा वाचक आपण होऊन मागे जाईल.

थोरलीला सगळं मोठ्यांइतकं कळतं. तिला वर्गात वेगळं पडायचं नसतं. ती मैत्रिणींना सांगतच नाही, किंवा एकदा सांगून टाकते आणि मग त्यांच्या नजरा बदलल्या म्हणून त्यांच्यावर चिडते. शरीर बदलत असतं, आणि जे फक्त आईला विचारायचं ते विचारायला घरात कुणी नसतं. हा प्रसंग अवघडून टाळला जातो. बाबा आणि थोरली यांच्यातला तो पहिला खरा प्रसंग होऊ शकतो, म्हणून तो लिहा.

या भावंडांतल्या फरकाचा एक सुरेख दाखला हार्पर ली यांच्या १९६० च्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मध्ये आहे. आई गेली तेव्हा गोष्ट सांगणारी स्काउट दोन वर्षांची होती. तिला आईची उणीव अशी कधी जाणवलीच नाही. तिचा भाऊ जेम चार वर्षांनी मोठा. तो मात्र खेळता खेळता मधेच मोठा सुस्कारा टाकतो आणि एकटाच मागच्या बाजूला जाऊन खेळतो. तो असा असला की त्याच्या वाटेला जायचं नाही, हे स्काउटला ठाऊक आहे. एका छोट्या परिच्छेदात दोन मुलांची दोन नुकसानं येतात, आणि बहिणीचं भावावरचं प्रेमही.

तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना आठवत नाही, चारच्या आसपासचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. म्हणजे आपल्या धाकटीची आई पुढे मुख्यतः थोरलीने सांगितलेली आई असणार. थोरलीच्या हातात केवढी सत्ता आली ते पाहा. ती आईचं एखादं वाईट वागणं वगळू शकते. मधल्यावर रागावली की 'आईला तू नको होतास' असंही म्हणू शकते. याकडे पुन्हा येऊ.

पायरी ४: थोरलीला पद द्या, मग काढून घ्या

मोठ्या मुलाने आईबापाची जागा घेणं याला कुटुंबोपचारात 'पेरेंटिफिकेशन' असं नाव आहे. इव्हान बोसोर्मेन्यी-नॉज आणि जेराल्डिन स्पार्क यांनी १९७३ मध्ये त्यावर विस्ताराने लिहिलं. लेखक मंडळी यातला निम्माच भाग लिहितात. थोरली कशी खस्ता खाते, तिचं बालपण कसं करपतं. खरंच आहे ते. पण त्या पदात मानही असतो, अधिकार असतो, आणि दुःखापासून लपायला जागा असते. धाकटीची वेणी घालताना थोरलीला स्वतःच्या केसांकडे पाहावं लागत नाही.

म्हणून कथेच्या दुसऱ्या तिसऱ्या भागात एक समर्थ मोठी बाई घरात आणा. मराठीत नात्याचे शब्द इतके नेमके आहेत की इथे त्यांचा फायदा घ्या. मावशी आली तर ती स्वतः बहीण गमावून आलेली आहे. तिचा आवाज आईसारखा आहे, आणि दाराआडून तो ऐकून धाकटी धावत येते. आत्या आली तर ती भावाचं घर सावरायला आली आहे. तिच्या बोलण्यात वहिनीबद्दल एखादी जुनी अढी डोकावते आणि मुलांना ती बरोबर ऐकू येते. दोन्ही बाया भल्या असल्या तरी कादंबऱ्या दोन होतील.

आता ती मावशी थोरलीला म्हणते, "तू अभ्यासाला बस, मी करते." प्रेमानेच म्हणते. थोरली मात्र उन्मळून पडते. ती आईपासून एकदा सुटली होती, आता आईच्या कामापासूनही सुटली. माझ्या हाताखालून गेलेल्या हस्तलिखितांत हा प्रसंग क्वचित दिसला. जिथे दिसला तिथे तो आईच्या मृत्यूच्या प्रसंगापेक्षा जास्त लागला. सिंथिया व्हॉइट यांच्या १९८१ च्या 'होमकमिंग'मध्ये आई चार मुलांना गाडीत सोडून निघून जाते आणि तेरा वर्षांची डायसी भावंडांना घेऊन वाट काढते. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात तिच्यापुढचं कठीण काम हे आहे, की सांभाळायला आजी मिळाल्यावर आपण हात सोडायचा कसा.

थोरलीच्या यादीतलं एक काम निवडा आणि ते कादंबरीभर वाढू द्या. आपल्या घरात सहीच घ्या. मधल्याची सहल बुडाली हे कळल्यावर थोरली बाबांची सही करायला शिकते. आधी सहलीचे कागद, मग प्रगतिपुस्तक, मग शाळेतून आलेली एक तक्रार. चांगल्या हेतूने सुरू झालेलं काम कुठे जातं ते पाहत जायचं. तिचं वयात येणं या एका रेषेवर दाखवता येतं.

पायरी ५: दुःखाची लय धरा

मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या पाच टप्प्यांवर (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) कादंबरीचे पाच भाग आखलेले मी पाहिले आहेत. ते टप्पे १९६९ मध्ये आले, आणि मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून आले. मागे राहिलेल्या मुलांचा तो नकाशा नव्हे. त्यावर कथा बांधली की तिसऱ्या भागाला वाचक ओळखतो की आता चौथा येणार.

मुलं दुःखात सलग राहू शकत नाहीत. समुपदेशक डबक्याची उपमा देतात: मूल दुःखात उडी मारतं, चिंब भिजतं आणि लगेच बाहेर येऊन खेळायला लागतं. मोठी माणसं नदीत गळ्यापर्यंत उभी असतात, त्यामुळे त्यांना वाटतं की मुलाला काही वाटतच नाही. 'बघ, कसा खेळतोय' हे वाक्य एखाद्या नातेवाइकाच्या तोंडी घाला. मधल्याने ते ऐकलेलं असू द्या, आणि त्या दिवसापासून तो चारचौघांत खेळायचं बंद करतो.

आखणीसाठी मला मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार फार उपयोगी पडला. शोकातलं माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतं, असं ते म्हणतात. एका बाजूला गेलेलं माणूस, दुसऱ्या बाजूला उरलेलं आयुष्य: नवी कामं, नव्या भूमिका, थोडी विश्रांती. प्रसंगांच्या चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर 'आई' किंवा 'पुढे' असं लिहा. सलग चार चिठ्ठ्यांवर 'आई' आली तर कादंबरी तुंबली. सलग सहा चिठ्ठ्यांवर 'पुढे' आलं तर वाचक आईला विसरला. सगळ्यात चांगली चिठ्ठी ती, जिच्यावर दोन्ही शब्द लिहावे लागतात. मधला शर्यतीत पहिला येतो, सवयीने प्रेक्षकांत एका विशिष्ट जागी बघतो.

आणि मुलांना हसू द्या, मोठ्याने. आई गेलेल्या घरातही भावंडं रात्री पांघरुणात तोंड दाबून हसतात. कादंबरीतून हे काढलं की घर खोटं वाटायला लागतं.

पायरी ६: मागे उरलेलं मोठं माणूस

बाबांना दगड करू नका आणि संतही करू नका. विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन या अभ्यासकांनी बोस्टन भागातल्या सत्तर घरांतल्या, आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला. मूल कसं सावरतं हे मागे राहिलेला पालक कसा सावरतो यावर फार अवलंबून असतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे बाबा ही कादंबरीतली पार्श्वभूमी नाही. बाबांचा प्रत्येक चांगला आणि वाईट आठवडा तिन्ही मुलांच्या वागण्यात उमटायला हवा. पण तो मुलांच्या नजरेतूनच दाखवा. बाबा न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसतात. नळ बंद झाला की कोणत्या चेहऱ्याने बाहेर येतील याचा अंदाज थोरली घेते आणि त्याप्रमाणे धाकट्यांना गप्प करते. एवढं पुरे.

पायरी ७: आठवणी आणि वस्तू मोजून वापरा

मागच्या आठवणींची प्रकरणं लांबत जातात, कारण तिथे आई पुन्हा बोलते आणि लिहिणाऱ्यालाही ती हवीशी वाटते. मी हे अनुभवाने सांगते. स्वतःला काही बंधनं घाला. पहिल्या तीन प्रकरणांत सविस्तर आठवण नको. कुठलीही आठवण एका पानाहून मोठी नको. आणि प्रत्येक आठवण हातातल्या कामातून निघायला हवी. मूल नुसतं बसलेलं असताना नको.

एक तरी आठवण अशी असू द्या, जिच्यात आई चुकली आहे. उगीच मारलं, भावाची बाजू घेतली, दिलेला शब्द विसरली. फक्त चांगली असलेली आई वाचकाला दिसत नाही. आणि मुलाला जिवंत आईवर रागावता येतं, तसं गेलेल्या आईवर कसं रागवायचं हा प्रश्न वयात येण्याच्या अगदी मुळाशी आहे.

मग आठवणींची भांडणं. थोरली सांगते आई निळ्या साडीत होती, मधला म्हणतो हिरव्या. दोघं इरेला पेटतात. भांडण साडीवरून नाही; आई जास्त कुणाची होती यावरून आहे. कोणाचं बरोबर ते कधीच उघड करू नका.

वस्तू एकच निवडा, आणि शक्यतो संपणारी किंवा बिघडणारी. डी. डब्ल्यू. विनिकट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५३ च्या निबंधात दाखवलं की लहान मूल एखाद्या कापडाला किंवा बाहुलीला धरून आईपासूनचं अंतर सोसायला शिकतं. आणि त्या वस्तूचा वासही बदललेला त्याला चालत नाही. आईची ओढणी कुणीतरी मायेने धुऊन टाकते, हा प्रसंग त्यातून मिळतो. आजच्या घरात फोन आहे. आईचा अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश, 'येताना दूध आण गं' एवढाच, थोरली रोज ऐकते. मग एके दिवशी फोन बदलतो.

पायरी ८: सांगणारा कोण, आणि क्रियापदाचा काळ

मूल आत्ता सांगतंय की मोठेपणी मागे वळून सांगतंय, ते ठरवा. आत्ता सांगणाऱ्या मुलाला जे कळत नाही ते वाचकाला कळतं, त्यातून ताण येतो. मागे वळून सांगणाऱ्याला समज असते, पण त्याने ती दर प्रकरणाच्या शेवटी वाटू नये. त्याच्याजवळ एक मोलाची गोष्ट असते: आई गेली त्या वयाचं आपण झालो तो दिवस. ती वापरायची तर एकदाच वापरा.

मराठीने आपल्याला इथे एक अवजार दिलं आहे, ते मात्र सोडू नका. 'आई केस विंचरून देते' आणि 'आई केस विंचरून द्यायची'. या दोन रूपांच्या मधे अख्खी कादंबरी बसते. थोरली दुसऱ्याच दिवशी मुद्दाम 'द्यायची' म्हणते, मोठ्यांसारखं, आणि स्वतःच दचकते. मधला 'देते' म्हणतो, थांबतो, वाक्यच बदलतो. पुढे तो आईबद्दल क्रियापद लागणार नाही अशी वाक्यं बोलायला शिकतो. धाकटी 'देते'च म्हणत राहते, आणि घरात कुणाचीही तिला सुधारायची हिंमत होत नाही. सोडून गेलेल्या आईच्या घरात तर हा वादाचा मुद्दा होतो: भावाने 'करायची' म्हटलं म्हणून बहीण अंगावर धावून जाते.

पायरी ९: दुसरं वर्ष, आणि शेवट

पहिल्या वर्षस्मरणाला कादंबरी संपवण्याचा मोह आवरा. वर्डन आणि सिल्व्हरमन यांच्या पाहणीत काही मुलांच्या अडचणी दुसऱ्या वर्षात पुढे आल्या. तोवर शेजारी, शिक्षक, नातेवाईक आपापल्या कामाला लागलेले असतात. शेजारच्या बाई डबा पाठवायच्या थांबल्या, शिक्षक पुन्हा कठोर झाले, आणि मधला आत्ता कुठे बिघडायला लागला. 'आता कशाला?' असं सगळे विचारतात. हे उत्तम तिसरा अंक आहे.

शेवटासाठी 'मुलांनी आईला निरोप दिला' ही कल्पना बाजूला ठेवा. १९९६ मध्ये डेनिस क्लास, सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात हे ठामपणे मांडलं गेलं, की मागे राहिलेली माणसं गेलेल्याशी असलेलं नातं तोडत नाहीत, ते बदलत नेतात. मुलंही आईशी बोलतात, तिची वस्तू जवळ ठेवतात, ती आपल्याला पाहते असं मानतात. म्हणून शेवटच्या प्रकरणासाठी स्वतःला विचारा: यादीतलं कोणतं काम कुणाकडे कायमचं गेलं, आणि करणाऱ्याने ते आईसारखं करायचं सोडून स्वतःसारखं करायला कधी सुरुवात केली? बाबा वेणी घालतात, सैल, वाकडी. आणि धाकटी आता मावशीच्या नीट वेणीपेक्षा तीच मागते.

पायरी १०: दुसऱ्या वाचनात काय शोधायचं

खर्डा महिनाभर बाजूला ठेवा. मग पोकळी, उणीव, आठवण, सुनं, आसवं हे शब्द शोधून काढा. प्रत्येकाच्या जागी यादीतलं एक काम बसतं का पाहा. बहुतेक वेळा बसतं. मुलांच्या तोंडी मोठ्यांची शहाणपणाची वाक्यं आली असतील तर ती कापा. खाणाखुणा पुरेशा असताना पुढे दिलेलं स्पष्टीकरण कापा.

आई किंवा वडील गमावलेल्या माणसाला खर्डा वाचायला द्यायचा असेल तर आधी स्पष्ट विचारा, आणि नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा. अशा मुलांना मात्र 'माहितीसाठी' प्रश्न विचारायला जाऊ नका. त्यांचं दुःख आपल्या कामाचा कच्चा माल नाही. तुमची स्वतःची आठवण, मोठेपणी मोकळेपणाने सांगणारी माणसं आणि ती चाळीस नोंदींची यादी एवढ्यावर काम होतं.

शेवटी एक नोंद करून ठेवा: प्रत्येक मुलाचं आईबद्दलचं पहिलं सहज आलेलं 'करायची' कितव्या पानावर आहे. तिन्ही एकाच प्रकरणात असतील तर मुलं अजून वेगळी झालेली नाहीत. पायरी तीनकडे परत जा. माझ्या खर्ड्यात मधल्याचं ते वाक्य फार उशिरा आलं, मी ठरवलं होतं त्याच्या दोन प्रकरणं पुढे. तो धाकटीचा हात मांडीवर घेऊन तिची नखं कापत असतो. ती हात मागे ओढते तेव्हा तो म्हणतो, "हलू नको, आई अंगठ्यापासून सुरू करायची."